उरलेलं काळं : वुडकटमधलं शरीर



मागच्या व्याख्यानात आम्ही ओघात एक वाक्य बोलून गेलो. कलाकृती घडते ती मनात, हात फक्त ती बाहेर आणून ठेवतो, असं ते वाक्य. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी मुद्राचित्रण करणारी एक तरुण मुलगी जवळ आली आणि तिनं विचारलं, "सर, तुम्ही कधी लाकूड कोरलंय का?" कोरलं नव्हतं. तसं सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती हसली. त्या हसण्याचा जाब द्यायला म्हणून आजचा विषय घेतला आहे.

ते वाक्य आमचं नव्हतंच, हे आधी कबूल करायला हवं. ते बेनेदेत्तो क्रोचेचं आहे. १९०२ साली त्यानं सौंदर्यशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला आणि त्यात मांडलं की प्रतिभान आणि अभिव्यक्ती या दोन गोष्टी नाहीतच, एकच आहे. मनात आकार स्पष्ट झाला की अभिव्यक्ती झाली. पुढचं रंग, दगड, शाई हे सगळं स्मरणासाठी केलेलं टिपण. इंग्लंडमध्ये कॉलिंगवुडनं १९३८ साली हाच विचार वेगळ्या वळणानं मांडला. मराठीत रा. भा. पाटणकरांनी क्रोचेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं, त्यामुळे आमच्या पिढीला हा विचार परका वाटला नाही. आम्ही तो तीस वर्षं वर्गात शिकवला. परीक्षेत त्यावर दहा-दहा गुणांचे प्रश्न काढले. शिकवताना उदाहरण कवितेचं द्यायचो, फार तर गाण्याचं. कवितेत हे पटतं. कवी रस्त्यानं चालताना ओळ मनात पूर्ण करतो, घरी येऊन लिहितो. कागद कुठं आडवा येतो?

तर आम्ही त्या मुलीच्या स्टुडिओत गेलो. तिनं एक फळी दिली, साधारण वहीच्या पानाएवढी, रंधा मारून गुळगुळीत केलेली. एक सुरी, दोन पटाश्या, एक गोल धारेची पटाशी. आम्ही फळीवर पेन्सिलनं हात काढला. आमचाच डावा हात, समोर ठेवून. पाच बोटं, मनगट, दोन-तीन सुरकुत्या. चित्र वाईट नव्हतं. मग सुरी घेतली आणि पेन्सिलच्या रेषेवरून फिरवायला लागलो. तिनं थांबवलं. म्हणाली, "सर, रेषा कापू नका. रेषा ठेवायची आहे. तिच्या दोन्ही बाजूचं काढा."

इथे आमची तीस वर्षांची शिकवण पहिल्यांदा अडखळली. पेनानं रेषा काढतो तेव्हा हात जिथे जातो तिथे रेषा उमटते. वुडकटमध्ये हात जिथे जातो तिथे पांढरं होतं. हातानं काहीही केलं नाही तर संपूर्ण काळा चौकोन छापून येतो. म्हणजे काळी रेषा काढलेली नसते, ती उरलेली असते. एक रेषा हवी असेल तर दोनदा कापावं लागतं, तिच्या अल्याड आणि पल्याड, आणि मग मधलं लाकूड शाबूत ठेवून आजूबाजूचं मैदान मोकळं करावं लागतं. आणि हे सगळं उलटं, आरशातल्यासारखं. डावा हात छापल्यावर उजवा होतो, हे आम्हाला छापल्यावरच कळलं. हसू नका, तत्त्वज्ञानाच्या माणसाला अशा गोष्टी उशिरा कळतात.

दुसरी अडचण लाकडाची. तंतूंच्या दिशेनं सुरी लोण्यासारखी जाते आणि हवी त्याच्या पुढे जाते. तंतूंना आडवी नेली की अडते, जोर लावला की एकदम सुटते. आमची तर्जनी अशीच गेली. म्हणजे फळीवरची. मनात ती पूर्ण स्पष्ट होती, क्रोचेच्या हिशेबानं तिची अभिव्यक्ती कधीच झालेली होती. लाकडाला ते मान्य नव्हतं. आणि गेलेलं बोट परत येत नाही. तैलरंगात पुसता येतं, वरून रंगवता येतं. मातीत दाबता येतं. लाकडात उडालेली ढलपी कुणी परत चिकटवत नाही. चिकटवली तरी ती शिवण छापात दिसते.

आता इथून एक सोपी वाट फुटते आणि बहुतेक समीक्षक त्या वाटेनं जातात. ते म्हणतात, पाहा, वुडकटमध्ये शरीराचा जोर दिसतो, पटाशीचे घाव दिसतात, म्हणून ते माध्यम भावनेला जवळचं. खरखरीत, रांगडं, थेट. प्रदर्शनांच्या पुस्तिकांत हे शब्द हमखास असतात. हे पूर्ण चुकीचं नाही, पण अर्धं आहे. आणि हे अर्धं खरं चांगल्या चित्राला वाईट चित्रापासून वेगळं करू शकत नाही. आजचं आमचं भांडण या अर्ध्या खऱ्याशी आहे.

पहिला अडसर जपानचा. होकुसाईची ती मोठी लाट तुम्ही सर्वांनी पाहिली आहे, १८३१च्या सुमाराची. ती लाकडातून छापलेली आहे, पण होकुसाईनं ती कोरली नाही. त्यानं पातळ कागदावर रेखाचित्र दिलं. कोरणाऱ्यानं तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवला आणि त्यातूनच कोरलं. म्हणजे मूळ चित्र कोरताना नष्ट झालं. छापणारा तिसरा माणूस. पैसे घालणारा प्रकाशक चौथा. मग त्या लाटेत शरीर कुणाचं? कोरणाऱ्याचं कसब असं की आपला हात कुठेही दिसू नये, ब्रशची रेषा जशी लवचिक तशीच लाकडाची दिसावी. हे काम किती अवघड असेल हे फळी हातात घेतल्यावर आम्हाला समजलं. रांगडेपणा म्हणजेच शारीरिकता असं मानलं तर या कोरणाऱ्याला शरीर नव्हतंच म्हणावं लागेल. उलट त्याचं शरीर सगळ्यांत जास्त कामाला लागलेलं होतं. ते दिसत नाही एवढंच.

जपानमध्येच विसाव्या शतकात याच्याविरुद्ध चळवळ झाली. स्वतः काढायचं, स्वतः कोरायचं, स्वतः छापायचं. त्या हवेत वाढलेला मुनाकाता शिको हा विलक्षण माणूस. त्याची दृष्टी इतकी अधू की कोरताना नाक फळीला टेकायचं. तो झपाट्यानं कोरायचा. आपल्या कामाला तो मुद्राचित्र न म्हणता फळीचं चित्र म्हणायचा. जपानीत त्यासाठी एकच अक्षर बदलावं लागतं, उच्चार तोच राहतो. १९५६ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्याला मुद्राचित्रणाचं मोठं पारितोषिक मिळालं. त्याच्याबद्दल स्वतंत्र व्याख्यान द्यावं लागेल, आज त्याला नमस्कार करून पुढे जाऊ.

युरोपात यायचं कारण असं की लाकडाचं स्वतःचं शरीर तिथे फार जाणीवपूर्वक वापरलं गेलं. एडवर्ड मुंकचं 'चुंबन' घ्या. वुडकटमध्ये त्यानं ते १८९७पासून पुन्हा पुन्हा केलं. १९०२च्या आवृत्तीत पार्श्वभूमीसाठी त्यानं जवळजवळ न कोरलेली फळीच छापली. तंतूंच्या उभ्या लाटा सगळ्या कागदावर उतरतात. स्त्री आणि पुरुष वेगळ्या तुकड्यातून कापून काढलेले, बारीक करवतीनं. दोघांचे चेहरे एक झालेले, कुठे कोण संपतं ते कळत नाही. तंतू त्या दोघांच्या अंगावरूनही वाहतात. इथे लाकूड ही सजावट नाही. दोन माणसं एकमेकांत विरघळतात तेव्हा जगाशी असलेली त्यांची हद्दही विरघळते, हे म्हणायला मुंकनं ब्रश उचलला नाही, झाडाची वाढच छापून दिली. आणि तरी लक्षात घ्या, जोर लावून कोरल्याची खूण त्या चित्रात जवळजवळ नाही. कोरणं थांबवलं आहे, त्यात ताकद आहे.

याच्या उलट एमिल नोल्ड. १९१२चा 'प्रेषित'. दाढीवाला, खोल डोळ्यांचा चेहरा काळ्यातून वर येतो, गालांवर पटाशीचे दातेरी घाव, तंतू उसवल्यासारखे दिसतात. जर्मन अभिव्यक्तिवादाचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकात हमखास हेच चित्र. ते चांगलं आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण हे पाहून लोक म्हणतात, किती खरा हात, किती प्रामाणिक! तिथे आम्ही थबकतो. पुढे हाच नोल्ड नाझी पक्षाचा सभासद झाला. आणि त्याच नाझींनी त्याची हजारावर चित्रं संग्रहालयांतून उचलली, तरीही पक्षावरची त्याची निष्ठा हलली नाही. चित्रकाराच्या राजकारणानं चित्र खोटं ठरत नाही. पण खरखरीत पृष्ठभाग हा प्रामाणिकपणाचा दाखला नाही, एवढं तरी यातून ठरतं. घाव ही एक शैली असू शकते. ती शिकता येते, आणि बाजारात तिला भाव येतो.

मग शारीरिकता नेमकी कुठे शोधायची? आमचं उत्तर असं, आणि ते आम्हाला केथे कोल्विट्झ या बाईंच्या कामातून मिळालं.

कोल्विट्झबाईंचा जन्म १८६७चा. नवरा डॉक्टर, बर्लिनच्या कामगार वस्तीत दवाखाना. विणकरांच्या उठावावरची आणि शेतकरी युद्धावरची त्यांची मुद्राचित्रं धातूच्या पत्र्यावर आणि लिथोच्या दगडावर झालेली होती, आणि त्यात त्यांचं नाव झालेलं होतं. राखाडीच्या शंभर छटा काढणारा हात. लाकडाकडे त्या वळल्या १९२० साली, वयाच्या बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी. त्या वर्षी त्यांनी अर्न्स्ट बार्लाखची वुडकट एका प्रदर्शनात पाहिली आणि ठरवलं. या वयात नवं हत्यार धरायचं म्हणजे काय, हे आमच्या तर्जनीला विचारा.

त्या वळण्यामागे एक अडलेलं चित्र होतं. १५ जानेवारी १९१९ला कार्ल लीबक्नेख्टचा खून झाला, त्याच रात्री रोझा लक्झेंबर्गचाही. लीबक्नेख्टच्या घरच्यांनी कोल्विट्झबाईंना शवागारात येऊन त्याचं रेखाचित्र काढायची विनंती केली. त्या गेल्या, काढलं. त्या त्याच्या पक्षाच्या नव्हत्या, त्याचं राजकारण त्यांना मान्य नव्हतं. पण प्रेताभोवती जमलेले कामगार त्यांनी पाहिले होते आणि ते त्यांना सोडवेना. त्यांनी ते ॲसिडनं कोरलेल्या पत्र्यावर करून पाहिलं. जमलं नाही. लिथोवर करून पाहिलं. जमलं नाही. मग लाकूड.

(पडद्यावर चित्र.) खाली आडवं पांढरं प्रेत, कफनात. वर वाकलेल्या माणसांची रांग, अर्धवर्तुळात. एकानं इतकं वाकून आपला मोठा पंजा प्रेताच्या छातीवर ठेवला आहे की त्याचा चेहरा दिसेनासा झाला आहे. मागे एक बाई, तिच्या हातात मूल, ते पाहतंय. खाली कोरलेली अक्षरं, जिवंतांकडून मृताला, आणि तारीख.

तो पंजा पाहा. किती पांढऱ्या कापांत झाला आहे? फारच थोड्या. हाडं, शिरा, नखं यातलं जवळजवळ काही सांगितलेलं नाही. पत्र्यावर त्या हे सगळं सांगू शकत होत्या. अंधारातून उजेडाकडे हळूहळू जाणाऱ्या छटा, गालावरचा ओलावा, सदऱ्याची घडी. आमचा तर्क असा की हे सगळं सांगता येत होतं म्हणूनच पत्र्यावर ते जमलं नाही. प्रत्येक कामगाराचा चेहरा हळुवार छटांनी भरला की प्रत्येकजण आपापल्या दुःखात उभा राहतो. लाकडात छटा फुकट मिळत नाही. प्रत्येक जागी ठरवावं लागतं, ही जागा काळी राहणार की जाणार. एका माणसाचा खांदा आणि दुसऱ्याचा कोट यांच्यामधली हद्द ठेवायची का? नाही ठेवली. ते काळं एकच झालं. माणसं वेगळी उरली नाहीत, एक भिंत झाली, आणि त्या भिंतीला चेहरे फुटले.

इथे क्रोचे अडचणीत येतो. बाईंच्या मनात चित्र होतं. शवागारातली रेखाचित्रं हातात होती. रचनाही जवळजवळ ठरलेली, ख्रिस्ताच्या प्रेताभोवतीच्या शोकाची जुनी रचना. प्रतिभान पूर्ण झालं असेल तर ते कोणत्याही माध्यमात उतरायला हवं होतं. ते दोन माध्यमांतून परत आलं. लाकडानं अडवेपर्यंत बाईंना काय म्हणायचं आहे हे बाईंनाच ठाऊक नव्हतं. कॉलिंगवुडला न्याय द्यायचा तर, व्यक्त करेपर्यंत भावना कोणती ते कलावंताला कळत नाही, हे त्यानं म्हटलंच आहे. रंगवल्याशिवाय चित्रकाराला नीट दिसत नाही, हेही तो त्याच पुस्तकात मान्य करतो. पण मग कलाकृती कुठे आहे या प्रश्नाला तो पुन्हा डोक्यात नेऊन बसवतो. ती फळीवर आहे हो! फळीवर, जिथे सुरी थांबली तिथे. जॉन ड्युई १९३४च्या पुस्तकात द्राक्षांचा दाखला देतो. रस बाहेर येतो तो घाण्यात दाबल्यावर. दाबणारं काही समोर नसेल तर नुसता उमाळा बाहेर पडतो, अभिव्यक्ती होत नाही. वर्गात आम्ही ड्युईला दुय्यम ठरवायचो, अमेरिकन आणि व्यवहारी म्हणून. आज त्याची माफी मागतो.

तर आमचं म्हणणं असं. वुडकटमधलं शरीर घाव घालणाऱ्या दंडात जेवढं आहे त्याहून जास्त ते थांबणाऱ्या मनगटात आहे. जे राखलं ते काळं. राखणं हीसुद्धा शारीरिक क्रिया आहे, कदाचित जास्त कष्टाची, कारण आजूबाजूचं सगळं काढून टाकताना तेवढं वाचवायचं असतं. एकदा काढलेलं परत येत नाही, म्हणून प्रत्येक जागी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय हातालाच घ्यावा लागतो.

यानंतरच्या दोन वर्षांत बाईंनी 'युद्ध' ही सात वुडकटची मालिका केली, १९२१-२२मध्ये. ती १९२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात खंदक नाही, बंदूक नाही. आहेत ती मागे राहिलेली माणसं. आईवडील, विधवा, मुलांना कवटाळून गोळा झालेल्या आया. तुम्हाला बहुतेकांना ठाऊक असेल, त्यांचा धाकटा मुलगा पीटर १९१४च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्ये मारला गेला. अठरा वर्षांचा. त्याला सैन्यात जायला वडिलांची परवानगी लागत होती. वडील तयार नव्हते. त्यांचं मन वळवलं ते आईनं.

हे सांगितलं की सभागृह गप्प होतं, आम्हाला ठाऊक आहे. आणि इथेच समीक्षकानं सावध राहायला हवं. परत न घेता येणारी परवानगी आणि परत न घेता येणारा काप, म्हणून बाईंनी लाकूड निवडलं, असं समीकरण लिहून टाकायला फार सोपं आहे. आम्ही ते एकदा एका लेखात लिहिलंही होतं, आणि छापून आल्यावर आमचीच आम्हाला लाज वाटली. कुणाच्या मुलाच्या मरणावर आपण उपमा बांधू नये. चित्रात काय दिसतं तेवढंच बोलावं.

मालिकेतलं पहिलं चित्र 'बलिदान'. उघडी बाई, डोळे मिटलेले, तान्हं मूल दोन्ही हातांनी पुढे धरलेलं. भोवती काळा झगा उघडल्यासारखा. ती मूल देते आहे की काळ्यातून वर काढते आहे? पाच वेळा पाहिलं तर पाच वेळा वेगळं वाटतं. पण चित्र मात्र धूसर नाही, कडा सुरीसारख्या स्वच्छ आहेत. संदिग्धता छटेत लपवलेली नाही, कृतीतच आहे. दुसऱ्यात तरुण मुलं मृत्यूच्या ढोलामागे ओढली जाताहेत, त्यात मृत्यूच्या सगळ्यांत जवळचा पीटर. तिसरं 'आईवडील'. दोघं गुडघ्यांवर, एकमेकांत कोसळलेले, बापानं एका हातानं तोंड झाकलेलं, आईचं डोकं खाली गेलेलं. दोघांचं मिळून एकच काळं ढेकूळ. हे त्यांनी एका फटक्यात केलेलं नाही. आधीची आवृत्ती नाकारली, पुन्हा नव्यानं कोरलं. परत न येणारं माध्यम म्हणतो, पण नवी फळी घेता येते. प्रत्येक फळीवर तोच निर्णय पुन्हा पहिल्यापासून.

आता आमच्या म्हणण्याला कसोटी लावून पाहू, आणि ही कसोटी आम्ही रचलेली नाही, इतिहासानं लावलेली आहे. शांघायमध्ये. लेखक लू शुन यांना कोल्विट्झबाईंची चित्रं फार मोलाची वाटत, त्यांनी ती जर्मनीहून मागवली होती. १९३१च्या फेब्रुवारीत त्यांचा तरुण मित्र, लेखक रौ शी, इतर काही लेखकांबरोबर गोळ्या घालून मारला गेला. उघडपणे शोक करायची सोय नव्हती. त्याच वर्षी एका नव्या मासिकाच्या पहिल्या अंकात लू शुन यांनी 'बलिदान' छापलं. रौ शीबद्दल मात्र काही म्हटलं नाही. रौ शीची आई गावाकडे होती, दृष्टी गेलेली. चित्रातली आई डोळे मिटून आहे.

मासिकात छापलं म्हणजे काय? फोटोवरून केलेली लहान प्रत, स्वस्त कागद. त्यात लाकूड कुठेच नाही. पटाशीचा दाब नाही, शाईची जाडी नाही. शारीरिकता म्हणजे पृष्ठभाग असती तर ती इथे मेली असती. ती मेली नाही. काळं कुठे राखलं आणि पांढरं कुठे केलं, हा निर्णय त्या फिकट प्रतीतूनही पोहोचला. नोल्डचा प्रेषित असा छापून पाहा. तंतू जातात, दातेरी कडा जातात, एक दाढीवाला राहतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लू शुन यांनी शांघायमध्ये सहा दिवसांचा वुडकटचा वर्ग भरवला. तेरा विद्यार्थी. शिकवणारा एक जपानी शिक्षक, आणि त्याचं बोलणं चिनीत सांगायला स्वतः लू शुन. त्यांचं गणित व्यवहाराचंही होतं. फळी आणि चार सुऱ्या असल्या की यंत्राशिवाय हातानं घासून छापता येतं. पुढच्या काही वर्षांत चीनमध्ये जे वुडकट झालं त्यातलं ली हुआचं १९३५चं 'गर्ज चीन' तुम्ही पाहा. खांबाला बांधलेला, डोळ्यांवर पट्टी असलेला नागडा माणूस, बोटं जमिनीवरच्या सुरीकडे ताणलेली. ते कोल्विट्झबाईंपेक्षा रेषेचं जास्त आहे. त्याचे स्नायू जरा पाठ केल्यासारखे वाटतात, हे आमचं मत, पण तो हात विसरता येत नाही.

ही चित्रं चाळीसच्या दशकात बंगालमधल्या डाव्या वर्तुळात पोहोचली आणि तिथून एक धागा आपल्या मुंबईत येतो. चित्तप्रसाद १९४६पासून मुंबईत राहिले, अंधेरीत. बालकामगारांवरची त्यांची मालिका लिनोकट आहे, लाकूड नव्हे. लिनोलियमला तंतू नसतात, सुरी कुठल्याही दिशेला सारखीच जाते. म्हणून पुष्कळ जण लिनोला वुडकटचा गरीब भाऊ समजतात. आम्हाला ते पटत नाही. लाकडाचा विरोध गेला तरी राखण्याचा निर्णय तसाच राहतो. चित्तप्रसादांच्या मुलांचे डोळे पाहा, पूर्ण काळ्यात सुरीच्या टोकानं ठेवलेले. हां, एक खरं, लिनोत सुरी अडत नाही म्हणून हात वळणदार होतो, आणि त्यांच्या काही चित्रांत ते वळण जरा जास्तच गोड झालं आहे. लाकडानं त्यांना थोडं अडवायला हवं होतं.

दुसरा धागा सोमनाथ होर. १९४६ साली तेभागा आंदोलनात ते उत्तर बंगालच्या रंगपूरला गेले. पिकाचे तीन वाटे करून दोन आपल्याला मिळावेत म्हणून कुळं लढत होती. होरांनी रोजनिशी लिहिली, रेखाटनं केली, आणि पुढे त्यावरून वुडकट. शेतात रात्री बसलेली माणसं, कंदिलाचा उजेड. ती त्यांची सुरुवात. पुढे, सत्तरच्या दशकात, त्यांनी 'जखमा' या नावाची मालिका केली. तिच्यात शाई नाही. मातीच्या सपाट थरावर सुरीनं चिरे पाडायचे, तापलेल्या सळीनं भाजायचं, त्यावरून सिमेंटचा साचा करायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. वाळला की पांढऱ्या कागदावर पांढरी जखम. कागदच चिरलेला, सुजलेला.

आणि इथे आमची कसोटी आम्हालाच फसवते, हे लपवायचं कारण नाही. आम्ही म्हणालो की निर्णय छापील प्रतीतून टिकतो आणि पृष्ठभाग मरतो, म्हणून निर्णय श्रेष्ठ. होरांच्या जखमांत काळं-पांढरं उरलेलंच नाही. जे आहे ते सगळं पृष्ठभागात आहे. समोरून सरळ उजेड पडला तर काहीच दिसत नाही. एक पाऊल बाजूला सरकलं की चिरेच्या कडेला बारीक सावली पडते आणि एकदम अंगावर येतं. आम्ही त्यांतलं एक चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी नकळत हात पुढे केला होता, आणि पहारेकऱ्यानं हटकल्यावर ते ओशाळून मागे झाले. हे काम वाईट आहे असं आम्ही कोणत्या तोंडानं म्हणणार?

त्या मुलीला आम्ही हे सांगितलं. ती म्हणाली, मग कसोटी बदला. बरोबर आहे तिचं. पण काय बदल करायचा ते अजून सुचलेलं नाही. पाच-सहा महिने झाले, फळी टेबलावर आहे.

शेवटचं चित्र लावा. हो, हेच. तुम्हाला पडद्यावर पांढरा चौकोन दिसतोय, मशीन बिघडलेलं नाही. ही होरांची जखम आहे. मागचे दिवे बंद करून पाहिले मघाशी, व्याख्यानाआधी. तरी दिसत नाही.